पडद्यावरील चिलखत रंगमंचावर आणताना: रूपनिष्ठा आणि नटाची हालचाल

प्रस्तावना

महाविद्यालयीन रंगभूमीवर वेशभूषेचा विचार बहुधा शेवटच्या आठवड्यात होतो. संहितेची निवड, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना यांवर महिनाभर चर्चा चालते. पोशाख मात्र भाड्याने आणावयाची वस्तू मानली जाते. साध्या धोतर-अंगरख्याच्या बाबतीत ही सवय खपून जाते. चिलखताच्या बाबतीत ती अंगाशी येते, आणि तीही शब्दशः.

'बाहुबली' हा चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला. त्यानंतरच्या वर्षी प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनासाठी एक युद्धनृत्य बसविले. चिलखत 'हुबेहूब चित्रपटातल्यासारखे' हवे, असा त्यांचा आग्रह होता. फायबरग्लासमध्ये करून घेतलेले ते चिलखत खरोखरच देखणे झाले होते. रंगीत तालमीत मात्र मुख्य नर्तकाचा तलवार धरलेला हात खांद्याच्या वर जाईना. त्याने जोर लावला तेव्हा संपूर्ण उरस्त्राण वर सरकून त्याच्या हनुवटीवर आदळले. दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन्ही काखांतील कातडी सोललेली होती. प्रयोग पार पडला, टाळ्याही मिळाल्या. परंतु ज्या क्षणासाठी ते नृत्य रचले होते तो तलवार उंचावण्याचा क्षणच गाळावा लागला. चूक कारागिराची नव्हती. आम्ही त्याला जी मापे दिली होती ती हात खाली सोडून ताठ उभ्या राहिलेल्या मुलाची होती, आणि त्याने त्या मापांशी प्रामाणिक राहून काम केले होते.

प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे. पडद्यावर पाहिलेले चिलखत रंगमंचावर आणताना त्याचे रूप राखावे आणि नटाला मोकळेपणाने चालता, वाकता, नाचता यावे, या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत अशी सर्वसाधारण समजूत असते. लेखकाच्या मते हा विरोध पुष्कळसा आभासी आहे. प्रेक्षकाला जे दिसते त्याच्याशी प्रामाणिक राहायचे की पडद्यामागे जी वस्तू प्रत्यक्ष बनविली गेली तिच्याशी, याचा उलगडा आरंभीच केला तर बहुतेक अडचणी सुटतात. विवेचनासाठी मुख्य उदाहरण म्हणून १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातील स्टॉर्मट्रूपर या पांढऱ्या शिपायाचे चिलखत घेतले आहे. ते जगभर ओळखले जाते, त्याच्या घडणीची माहिती उपलब्ध आहे, आणि ते घालून माणसे रंगमंचावर नाचलेलीही आहेत. २०१६ साली 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' या स्पर्धेत 'बूगी स्टॉर्म' नावाचा संच हेच चिलखत अंगावर चढवून नाचला आणि अंतिम फेरीत तिसरा आला.

'पडद्याबरहुकूम' म्हणजे कशाबरहुकूम?

स्टॉर्मट्रूपरची मूळ कल्पना राल्फ मॅक्वारी यांच्या चित्रांतून आली. चित्रपटाची वेशभूषा जॉन मोलो यांची. मोलो हे मुळात लष्करी गणवेशांचे अभ्यासक, आणि वेशभूषाकार म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट. त्यासाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. शिरस्त्राणे आणि चिलखताचे भाग अँड्र्यू एन्सवर्थ यांनी प्लॅस्टिकच्या पत्र्यातून काढले. यासाठी वापरलेली व्हॅक्यूम फॉर्मिंगची पद्धत तत्त्वतः सोपी आहे. पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर ओढायचा आणि खालची हवा शोषून घ्यायची. पत्रा साच्याला चिकटून त्याचा आकार धारण करतो. या पद्धतीने थोड्या वेळात आणि थोड्या खर्चात अनेक एकसारखे भाग निघतात. चित्रपटाला शिपायांचा जथा हवा होता, तेव्हा ही निवड योग्यच होती. परंतु अशा भागाची जाडी साच्याच्या उतारानुसार कमीजास्त होते, कडा धारदार राहतात आणि तो जराही लवत नाही.

या चिलखताचा एक दोष चित्रपटातच नोंदला गेला आहे. एका दृश्यात शिपायांची तुकडी नियंत्रणकक्षात शिरते आणि त्यांतील एकाचे डोके दाराच्या वरच्या कडेवर आपटते. शिरस्त्राणातून त्याला दार नीट दिसलेच नसावे. हे चित्रण संकलनात तसेच राहिले, पुढे रसिकांनी ते हेरले, आणि २००४ च्या डीव्हीडी आवृत्तीत निर्मात्यांनी त्या क्षणाला आपटण्याचा आवाजही जोडला! त्याच चित्रपटात सी-थ्री-पीओ या सोनेरी यंत्रमानवाची भूमिका करणारे अँथनी डॅनियल्स यांना पोशाखात बसता येत नसे. दोन दृश्यांच्या मधल्या वेळात ते एका फळीला टेकून उभे राहत. ट्युनिशियातील चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी त्यांच्या डाव्या पायाचा भाग फुटून तुकडा पावलात घुसल्याची आठवण त्यांनी सांगितली आहे.

मग तरीही चित्रपट कसा झाला? याचे कारण चित्रपटाच्या प्रकृतीत आहे. तेथे कृती तुकड्यातुकड्यांनी टिपली जाते. जवळून दाखवावयाचा पोशाख वेगळा, मारामारीसाठी मऊ रबराचा वेगळा, असे एकाच चिलखताचे दोन-तीन अवतार असू शकतात. नट बसलेला दाखवायचा असेल तर मांडीवरचा भाग काढून ठेवता येतो, कारण चौकट कमरेपाशी संपते. दोन दृश्यांच्या मध्ये पंखा लावता येतो, फाटलेले शिवता येते. पीटर जॅक्सन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रत्रयीत (२००१ ते २००३) वेटा वर्कशॉपच्या कारागिरांनी साखळीची चिलखते पीव्हीसी नळीच्या चकत्या कापून हाताने गुंफली. अशा कड्यांची संख्या सव्वा कोटीच्या घरात सांगितली जाते. दिसायला पोलाद, वजनाला प्लॅस्टिक. म्हणजे पडद्यावरचे चिलखत हेही एक सोंगच असते, आणि ते कॅमेऱ्याच्या सोयीने वठविलेले असते.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली लुकासफिल्म विरुद्ध एन्सवर्थ या खटल्यात जवळपास हेच म्हटले, हे येथे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे. स्टॉर्मट्रूपरचे शिरस्त्राण हे स्वामित्वहक्क कायद्याच्या अर्थाने शिल्प ठरते काय, असा प्रश्न होता. न्यायालयाने ते शिल्प नाही असा निर्णय दिला. चित्रपटनिर्मितीच्या प्रक्रियेतील ती एक उपयोगाची वस्तू आहे, असे मानले. कायद्याच्या अभ्यासकांना या निर्णयातील इतर मुद्दे अधिक महत्त्वाचे वाटतील. आपल्या दृष्टीने एवढेच पुरेसे आहे, की जी वस्तू एका विशिष्ट उपयोगासाठी घडली तिची दुसऱ्या उपयोगासाठी जशीच्या तशी नक्कल करणे म्हणजे तिच्या गुणांबरोबर तिच्या अडचणीही उचलणे होय. रंगमंचावर चौकट नसते. नट अडीच तास आपादमस्तक दिसतो, तोही सभागृहाच्या तिन्ही बाजूंनी.

हौशी मंडळींत मूळ वस्तूशी निष्ठेची कसोटी अत्यंत कडक असते. १९९७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या '५०१ वी लीजन' या हौशी संघटनेने प्रत्येक पोशाखाचे लेखी निकष ठरविले आहेत, आणि त्यांत पट्ट्यावरील खोक्यांपासून शिरस्त्राणावरील रेघांपर्यंत बारकावे येतात. इस्पितळात मुलांना भेटताना किंवा संचलनात चालताना हे निकष ठीक आहेत. नर्तकासाठी ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. रंगमंचासाठी लेखकाला तीन गोष्टी पुरेशा वाटतात: बाह्याकृती, प्रमाण आणि पृष्ठभागाची चकाकी. दहा-पंधरा मीटर अंतरावरील प्रेक्षक या तिन्हींवरून पात्र ओळखतो. काखेतील कड कोठे कापली आहे हे त्याला दिसत नाही.

जुन्या कारागिरांचे उत्तर

हालचाल रोखणारे चिलखत ही मुळात चित्रपटानेच रूढ केलेली कल्पना आहे. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या 'हेन्री द फिफ्थ' (१९४४) या चित्रपटात सरदाराला कप्पीने उचलून घोड्यावर ठेवल्याचे दाखविले आहे. वास्तविक पंधराव्या शतकातील युरोपीय रणचिलखत साधारण वीस ते पंचवीस किलो वजनाचे असे, आणि ते सबंध अंगावर वाटलेले असे. बूसिको या फ्रेंच सेनानीच्या १४०९ सालच्या चरित्रग्रंथात तो शिरस्त्राणाखेरीज पूर्ण चिलखत घालून कोलांटी मारीत असे, अशी नोंद आहे. शिडीच्या खालच्या बाजूने केवळ हातांच्या बळावर तो वर चढे, असेही तेथे म्हटले आहे. चरित्रकाराची भक्ती जमेस धरली तरी चिलखतात लवणे अशक्य नव्हते, एवढे त्यातून निश्चित होते.

हे साधले कसे? सांध्यापाशी एक मोठा पत्रा न ठेवता अनेक अरुंद पट्ट्या एकीवर एक चढवीत, कोळंबीच्या पाठीसारख्या. पट्ट्या आतून चामड्याच्या वाद्यांनी जोडलेल्या असत. काही ठिकाणी रिव्हेटचे एक भोक गोल न ठेवता लांबट चिरेसारखे केले जाई, म्हणजे पत्रा त्या चिरेच्या लांबीइतका सरके. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्यासाठी १५२० साली पायी द्वंद्वाकरिता घडविलेले चिलखत आज रॉयल आर्मरीज संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्यात काख, कोपराची आतली बाजू, गुडघ्याची मागची बाजू हे सर्व भाग अशा पट्ट्यांनी झाकले आहेत; देहाचा एकही भाग उघडा नाही, तरीही सांधे वळतात. विसाव्या शतकात अंतराळवीरांच्या पोशाखाचा विचार करणाऱ्या अमेरिकी अभियंत्यांनी या चिलखताचा अभ्यास केला होता.

आपल्याकडील उत्तर निराळे होते. मुघल काळात वापरात असलेल्या 'चारआईना' या प्रकारात साखळीच्या किंवा कापडी अंगरख्यावर छाती, पाठ आणि दोन कुशी अशा चार पोलादी पट्टिका बांधल्या जात. कुशीवरील पट्टिकांची वरची कड काखेपाशी अर्धचंद्राकार कोरलेली असे. कठीण भाग चारच, आणि त्यांच्यामधील सर्व जागा लवचिक. आमच्या नर्तकाच्या काखा ज्या कडेने सोलल्या, ती कड कशी कापावी हे या कारागिरांना तीन-चारशे वर्षांपूर्वी ठाऊक होते. रंगमंचासाठी लेखकाला ही दुसरी पद्धत अधिक उपयोगी वाटते. पट्ट्यांचे सांधे सुंदर असतात, पण ते बनविण्यास वेळ लागतो, आणि प्लॅस्टिकमध्ये ते खडखडतात.

वजनाचीही बाब आहेच. लीड्स विद्यापीठातील अभ्यासकांनी चिलखताच्या प्रतिकृती घातलेल्या व्यक्तींना चालत्या पट्ट्यावर चालवून त्यांच्या ऊर्जाव्ययाचे मापन केले; त्यांचा निबंध २०११ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चिलखतासह चालताना ऊर्जाव्यय दुपटीहून अधिक होतो, असे त्यांना आढळले. त्याची दोन कारणे प्राध्यापक-वाचकांनी लक्षात घ्यावीत. एक म्हणजे पायांवरचे वजन प्रत्येक पावलागणिक उचलून पुढे फेकावे लागते. दुसरे, छातीवरील पत्र्यामुळे खोल श्वास घेता येत नाही. माणूस उथळ आणि जलद श्वास घेऊ लागतो. यापूर्वी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पावलांवरील ओझे वाहण्यास धडावरील तेवढ्याच ओझ्याच्या चार ते सहा पट ऊर्जा लागते, असे दिसले होते. एकूण चिलखत किती किलोचे झाले हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. छातीवर अर्धा किलो वाढला तर बिघडत नाही. बुटांवर तेवढाच वाढला तर दुसऱ्या अंकात नट पाय ओढू लागतो.

स्टॉर्मट्रूपरची फेररचना

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. या पोशाखात सर्वांत आत अंगाला चिकटणारा काळा पोशाख असतो. त्यावर उरस्त्राण, पाठ, पोटावरचा भाग, कमरपट्टा, खांद्यांवरील वाट्या, दंड व हाताच्या नळ्या, मांड्या, नडग्या आणि शिरस्त्राण असे पांढरे भाग येतात. पांढऱ्या भागांच्या मधून काळा रंग डोकावतो. ही काळी फट हेच या आकृतीचे वरदान आहे. प्रेक्षकाच्या स्मरणात पांढरे आणि काळे अशी दोन्ही क्षेत्रे असतात, पण त्यांच्या सीमारेषेची जागा नेमकी कोठे, हे स्मरणात नसते. गुडघ्यापाशी किंवा कोपरापाशी ती फट दोन बोटांनी रुंदावली, तरी तिसऱ्या रांगेतून ते कळत नाही.

कामाचा आरंभ कापण्यापासून न करता हालचालींची यादी करण्यापासून करावा. आमच्या विद्यार्थ्यांकडून आता आम्ही नृत्यदिग्दर्शकाकडून मिळालेल्या यादीशिवाय साचा हाती घेऊ देत नाही. एका गुडघ्यावर बसणे, शस्त्र डोक्यावर नेणे, कमरेतून वाकणे, जमिनीवर पडून उठणे, पायऱ्या चढणे, सहकलाकाराला उचलणे: यांपैकी जे करावयाचे असेल त्या प्रत्येक स्थितीत नटाचे माप घ्यावे. सोपी युक्ती अशी, की नटाला जुना घट्ट पोशाख घालून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी, पेनाने चिलखताच्या कडा रेखाव्यात आणि मग त्याला त्या सर्व हालचाली करावयास सांगाव्यात. जेथे पट्टी चुरगळते तेथे चिलखत टोचणार. जेथे ती ताणून फाटते तेथे ते अडणार. अर्ध्या तासात देहाचा एक नकाशा मिळतो, आणि तो फुकटात मिळतो.

खांद्याची गोष्ट थोडी विस्ताराने सांगावयास हवी, कारण सर्वाधिक घोटाळे तेथेच होतात. हात डोक्यावर नेताना साधारण १८० अंशांचा प्रवास होतो. त्यांपैकी सुमारे १२० अंश प्रत्यक्ष खांद्याच्या सांध्यात घडतात, तर उरलेले ६० अंश पाठीवरील खांद्याचे पान फिरल्यामुळे मिळतात. म्हणजे हात वर जाताना केवळ हात जात नाही, खांद्याचा सगळा प्रदेश वर व आत सरकतो. उरस्त्राणाचा भार खांद्याच्या टोकावर टेकलेला असेल तर हाताबरोबर सगळे उरस्त्राण वर चढणारच. आमच्या नर्तकाच्या हनुवटीला लागले ते यामुळे. उपाय दुहेरी आहे. भार मानेलगतच्या भागावर आणि कमरेवर वाटावा, आणि उरस्त्राणाची बगलेकडील कड छातीच्या दिशेने आत कापावी. स्टॉर्मट्रूपरमध्ये ही आत कापलेली कड खांद्याच्या वाटीखाली झाकली जाते. ती वाटी उरस्त्राणाला पक्की न जोडता वरून इलॅस्टिकने लोंबती ठेवावी व खालून दंडाला बांधावी. मग ती हाताबरोबर फिरते. मूळ पोशाखातही वाट्या इलॅस्टिकवरच होत्या. तेथे पडद्याशी निष्ठा आणि नटाची सोय यांत भांडणच नाही.

पोटाचा भाग मात्र पूर्ण बदलावा लागतो. मूळचा कडक पत्रा वाकताच फासळ्यांखाली रुततो. तो लवचिक पॉलियुरेथेन रबरात किंवा फोममध्ये ओतून अथवा कापून घ्यावा, बाह्य आकार तोच ठेवावा, आणि उरस्त्राण त्याच्यावर चार बोटे चढेल अशी रचना करावी. नट वाकला की एक भाग दुसऱ्याखाली सरकतो. सी-थ्री-पीओच्या पोशाखात सोनेरी कवच पोटापाशी थांबते आणि तेथे तारांचे जाळे दिसते, हे येथे आठवावे. यंत्रमानवाचे पोट उघडे ठेवण्याची ती कल्पना डोळ्यांना सजावट वाटते; नटाला कंबर वळविण्यासाठी मिळालेली ती एकमेव जागा होती.

पायांच्या बाबतीत मांडीची नळी व नडगीची नळी गुडघ्यामागे कातडीला चिमटा घेतात. गुडघा वाकताना समोरची लांबी वाढते आणि मागची आक्रसते, त्यामुळे समोर कवच हवे तसे राखावे व मागचा भाग उदार हाताने कापावा. मांडीची नळी कमरपट्ट्याला पट्ट्यांनी टांगावी. ती नडगीवर टेकली तर प्रत्येक पावलाला खट्ट असा आवाज येतो आणि ध्वनिक्षेपकातून तो शेवटच्या रांगेपर्यंत जातो. दोन्ही नळ्यांची मागची उभी शिवण टिचबटणांऐवजी रुंद इलॅस्टिकवर घेतली तर पोटऱ्या फुगल्या तरी त्रास होत नाही. नर्तकाच्या पोटऱ्या तासाभराच्या तालमीनंतर फुगतात, हे आम्हांला मोजल्यावरच पटले.

द्रव्ये आणि त्यांची चकाकी

आजकाल अशा कामासाठी ईव्हीए फोम सर्रास वापरला जातो. व्यायामाच्या चटया याच जातीच्या. तो कात्रीने कापता येतो, गरम हवेने वाकतो, हलका असतो, आणि पडल्यावर फुटत नाही. दोषही आहेत. तो जळतो, म्हणून मशाली किंवा आतषबाजीच्या प्रयोगात तो वापरू नये. तो चिकटविण्याच्या सोल्यूशनच्या वाफा डोके चढवितात. काम उघड्या व्हरांड्यातच करावे.

त्याहून मोठी अडचण दिसण्याची आहे. स्टॉर्मट्रूपरचा पांढरा रंग हा चकचकीत प्लॅस्टिकचा पांढरा आहे. उरस्त्राण एबीएस पत्र्याचे, पोट रबराचे आणि नडगी फोमची केली, तर दिवसाच्या उजेडात तिन्ही भाग सारखे पांढरे दिसतात. निळा दिवा पडताच फोम पिठासारखा मळका आणि पत्रा बर्फासारखा दिसतो. साधा रंग रबरावर दोन प्रयोगांत तडकतो. रबरासाठी त्याबरोबर ताणला जाणारा रंग हवा, आणि सगळ्या भागांवर शेवटचा पारदर्शक थर एकाच डब्यातला असावा. तसेच नमुना प्रकाशयोजनाकाराच्या दिव्यांखालीच पाहावा. जॉन बूरमन यांच्या 'एक्सकॅलिबर' (१९८१) चित्रपटासाठी टेरी इंग्लिश यांनी ॲल्युमिनियमची चिलखते घडविली होती. चकाकी खऱ्या धातूची आणि वजन पोलादाच्या तुलनेने कमी, असा तो मध्यम मार्ग होता. रंगमंचावर धातू हवाच असेल तर तोच घ्यावा, पण कडा मुडपून घ्याव्यात.

मान, दृष्टी आणि श्वास

१९८९ सालच्या 'बॅटमॅन' चित्रपटात मायकेल कीटन यांचे शिरस्त्राण खांद्यांपर्यंत एकसंध होते. त्यांना मान वळविता येत नसे, म्हणून ते सबंध धड वळवीत. पुढे ती लकब त्या पात्राची ओळख बनली. अडचणीतून शैली निघाली, हे खरे. पण त्यावर विसंबून राहण्याइतकी प्रत्येक नटाची प्रतिभा आणि प्रत्येक दिग्दर्शकाची सहनशीलता नसते. 'द डार्क नाइट' (२००८) साठी लिंडी हेमिंग यांनी पोशाख शंभराहून अधिक सुट्या तुकड्यांत विभागला आणि शिरस्त्राण मानेपासून वेगळे केले, तेव्हा नायकाला मान वळविता येऊ लागली. या बदलाचा उल्लेख चित्रपटाच्या कथेतही येतो.

शिरस्त्राणाच्या बाबतीत एक मोह टाळावा. आत पंखा, गादी आणि ध्वनियंत्र मावावे म्हणून ते मोठे करण्याची सूचना नेहमी येते. हातापायांतील फरक प्रेक्षक खपवून घेतो, डोक्याचे प्रमाण चुकले तर खपवून घेत नाही. भीतिदायक शिपाई एकदम बाहुला दिसू लागतो. जागा हवी असेल तर गादी पातळ करावी. डोळ्यांच्या भिंगांचा रंग एक छटा फिका करता येतो, तोंडापाशी जी छिद्रे आकृतीतच आहेत ती खरोखर उघडी ठेवून आत काळी जाळी लावता येते, आणि लहानसा संगणकी पंखा हवा डोळ्यांकडे सोडेल असा बसविता येतो. त्यामुळे भिंगांवर वाफ धरत नाही. इतके करूनही नटाला स्वतःची पावले दिसत नाहीत. म्हणून रंगमंचाच्या कडेला फिकट पट्टीपेक्षा पायाला जाणवेल अशी जाड दोरी चिकटवावी, आणि तालमी शिरस्त्राणासह पहिल्या आठवड्यापासून घ्याव्यात. केवळ रंगीत तालमीत ते पहिल्यांदा चढविणे म्हणजे नटाला ऐन वेळी डोळ्यांवर पट्टी बांधून नाचावयास लावणे होय.

मुंबईच्या किंवा विदर्भाच्या हवेत, बंद सभागृहात, दिव्यांखाली हा पोशाख घालून वीस मिनिटे नाचणारा मुलगा घामाने चिंब होतो. आतील काळा पोशाख सुती घेतला तर तो जड होऊन खाली ओढतो. खेळाडूंच्या बनियनीसाठी वापरतात ते घाम लवकर सुकविणारे कापड बरे. प्रत्येक प्रवेशानंतर शिरस्त्राण उतरवून पाणी देण्यास एक विद्यार्थी विंगेत नेमलेला असावा, आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत असावे.

शेवटची चाचणी आम्ही घड्याळ लावून घेतो. नट जमिनीवर उताणा पडतो, काही बोलत नाही, आणि दोन विद्यार्थ्यांनी त्याचे शिरस्त्राण व उरस्त्राण उतरवायचे असते. प्रथम शिरस्त्राण, मग दोन्ही कुशींवरील बकले, मग पुढचा भाग. पहिल्या खेपेस आम्हांला चार मिनिटे लागली, कारण एक बकल पाठीमागे लावले होते. आता सर्व बकले कुशीवर पुढे असतात आणि तेच काम चाळीस सेकंदांत होते. एखादे बकल अडलेच तर वाद्या कापण्यासाठी दोन्ही विंगांत एकेक मोठी कात्री खिळ्याला टांगलेली असते.